आवडत्या ऑनलाइन कलाकाराचे व्यक्तिशिल्प : भुवन बामचा चेहरा मातीत कसा उतरवावा?

मृण्मयी_परळ :

नमस्कार. या विभागात गणेशमूर्तींवर पुष्कळ चर्चा झाली आहे, परंतु व्यक्तिशिल्पावर स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून हा काढत आहे.

गणपतीच्या आधीचे महिने मी परळमधल्या एका कारखान्यात हाताखाली काम करते. शाडू मळणे, साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे भरणे, ओल्या ब्रशने अंग गुळगुळीत करणे ही कामे आता माझ्याकडे असतात. डोळ्यांच्या आखणीला अजून कोणी हात लावू देत नाही, आणि ते योग्यच आहे. घरी हौस म्हणून आजीचे आणि शेजारच्या काकांचे डोके मी शाडूत केले. दोघेही समोर बसायला तयार होते, त्यामुळे मान वळवा म्हटले की मान वळत असे.

आता मला भुवन बामचे डोके करायचे आहे. ज्यांनी त्याचे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बडोद्यात मराठी कुटुंबात जन्मलेल्या आणि दिल्लीत वाढलेल्या या मुलाने २०१५ साली 'बीबी की वाइन्स' ही यूट्यूब वाहिनी सुरू केली. मोबाइलचा पुढचा कॅमेरा हातात धरून, घरातल्या घरात, मामापासून मित्रापर्यंत सगळी पात्रे तो एकटाच करत असे. २०१८ साली त्याच्या वाहिनीने एक कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडला, आणि भारतात एकट्याने काम करणाऱ्या यूट्यूबरांत हा टप्पा गाठणारा तो पहिला ठरला. पुढे 'ढिंडोरा' आणि 'ताज़ा ख़बर' या मालिका आल्या. मला मात्र त्याचे सुरुवातीचे काम अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तिथे वेशभूषा जवळजवळ नसते, रंगभूषा नसते, आणि तरीही एका चेहऱ्यातून दुसरा माणूस उभा राहतो. ज्याला मातीत चेहरे करायचे आहेत त्याने हे काम अभ्यास म्हणूनसुद्धा पाहावे, असे मला वाटते.

अडचण अशी आहे की ज्या माणसाचे शेकडो व्हिडिओ उपलब्ध आहेत, त्याच्या डोक्याची मागची बाजू मला माहीत नाही. सगळे काही समोरून आहे. फोन हातात, चेहरा फोनकडे, आणि मान वळलीच तर तीस-चाळीस अंशांपर्यंत. कानामागून जबडा मानेला कुठे मिळतो, टाळूचा सर्वांत उंच भाग कपाळाच्या किती मागे येतो, कपाळाचा उतार किती, हे त्यात सापडत नाही. मी समोरच्या फ्रेमवरून प्राथमिक डोके उभे केले. समोरून पाहणाऱ्या माझ्या भावाने ते लगेच ओळखले, परंतु पाट फिरवून बाजूने पाहिल्यावर तो कोणीही असू शकला असता.

दुसरी अडचण चेहऱ्यावरच्या भावाची आहे. हा माणूस पडद्यावर एक क्षणही स्थिर नसतो, आणि व्हिडिओ थांबवून पाहावा तर प्रत्येक थांबलेली फ्रेम विचित्र दिसते, एक डोळा अर्धा मिटलेला, ओठ शब्दाच्या मध्यावर. हसता चेहरा करून मोकळे व्हावे, तर तो मासिकाच्या मुखपृष्ठावरचा माणूस होतो.

त्यामुळे माझे प्रश्न असे आहेत. समोरचीच दृश्ये हाताशी असताना बाजूचे माप कसे मिळवावे? नेमका कोणता भाव धरावा? आणि पावसाळा तोंडावर आला असताना शाडूतच करावे की दुसरे काही वापरावे? आकार साधारण अर्ध्या मापाचा ठेवणार आहे. विकण्याचा विचार नाही, जमले तर त्यालाच पाठवेन.


जुना_जेजेकर :

मृण्मयीताई, धागा आवडला. माझे शिल्पकलेचे शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. तिथे पहिल्या हेड स्टडीच्या वेळी आम्हाला सांगितलेली गोष्ट तुमच्या प्रश्नाला जशीच्या तशी लागू पडते. ती म्हणजे, आधी बाजूची रेषा पक्की करावी आणि मगच समोरून पाहावे. समोरच्या चेहऱ्यात डोळे, भुवया आणि ओठ आपले सगळे लक्ष वेधून घेतात आणि हाडांकडे दुर्लक्ष होते. कपाळ, नाक, हनुवटी आणि मान यांची कडेची रेषा बरोबर आली, तर डोळे काढण्यापूर्वीच माणूस ओळखू येतो.

तुम्ही ज्या व्हिडिओंवरून माप घेत आहात त्यात एक मोठा घोटाळा दडलेला आहे. हातात धरलेला फोन चेहऱ्यापासून फार तर दीड-दोन फुटांवर असतो. इतक्या जवळून नाकाचा शेंडा कानांपेक्षा कॅमेऱ्याला प्रमाणाबाहेर जवळ पडतो, म्हणून नाक मोठे दिसते, गाल मागे ओढल्यासारखे दिसतात आणि कान जवळजवळ लपतात. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी याचे गणित मांडले होते. पाच फुटांवरून घेतलेल्या छायाचित्राच्या तुलनेत बारा इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्क्यांनी अधिक भासते, असा त्याचा निष्कर्ष होता. बारा इंच हे टोकाचे अंतर झाले, हे मान्य. तरीही अशा फ्रेमवरून कॅलिपरने (दोन टोकांमधले अंतर मोजण्याच्या चिमट्याने) माप घेऊन मातीत उतरवणे म्हणजे भिंगाचे शिल्प करणे होय.

मग माप कुठून घ्यावे? त्याच्या मुलाखतींतून घ्यावे. बाहेरच्या कार्यक्रमात दोन-तीन कॅमेरे असतात, ते दूर ठेवलेले असतात आणि लांब पल्ल्याचे भिंग वापरतात. मुलाखत घेणाऱ्याकडे पाहताना पाहुण्याची कडेची रेषा आपोआप मिळते. मालिकांतही हेच आहे. 'ताज़ा ख़बर'मध्ये तो मुंबईतल्या वसंत गावडेची भूमिका करतो आणि तिथे पूर्ण चमूने केलेले चित्रीकरण आहे, त्यामुळे चालताना, वळताना, पाठमोरा असा तो सगळीकडून दिसतो. थोडक्यात, हाडे दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातून घ्यावीत आणि भाव त्याच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून घ्यावा. दोन्हींची सरमिसळ करू नये.

वेगवेगळ्या फ्रेम एका मापावर आणण्यासाठी डोळ्याचा रंगीत भाग उपयोगी पडतो. प्रौढ माणसात त्याचा व्यास जवळपास सगळ्यांचा सारखाच, पावणेबारा मिलिमीटरच्या आसपास असतो. एखाद्या जवळच्या स्पष्ट फ्रेममध्ये तो मोजून बाकीची मापे त्याच्या पटीत काढावीत. ही मापे पूर्ण अचूक येणार नाहीत, परंतु अंदाजपंचे दाहोदरसेपेक्षा पुष्कळ बरी. प्रौढ पुरुषाचे डोके हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २३ सेंटीमीटर धरले, तर तुमचे अर्ध्या मापाचे डोके साडेअकरा सेंटीमीटरचे होईल आणि दोन बुबुळांमधले अंतर ३१-३२ मिलिमीटर येईल. या मापात एक मिलिमीटरची चूकही डोळ्यांना जाणवते, हे लक्षात ठेवा.

आणखी एक खबरदारी घ्यावी. पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेली दृश्ये काही फोनमध्ये आरशासारखी उलटी साठवली जातात. कोणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि साम्य बरेचसे त्या फरकातच असते. फ्रेममध्ये टी-शर्टवरची अक्षरे, भिंतीवरचे कॅलेंडर असे काही दिसत असेल तर ते सरळ वाचता येते का, हे आधी तपासा. नाहीतर डावी भुवई उजवीकडे जाईल आणि काय बिघडले आहे ते शेवटपर्यंत कळणार नाही.


खिडकीपाशी :

जेजेकरांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, परंतु मला ते पटत नाही. आम्ही प्रेक्षकांनी भुवन बामला पाच फुटांवरून कधी पाहिले आहे? आम्हाला माहीत असलेला चेहरा फोनमधलाच आहे, नाक पुढे आलेला आणि कान लपलेला. लोकांच्या मनात बसलेला चेहरा तोच असेल, तर मानवंदना म्हणून केलेल्या शिल्पात तो दुरुस्त का करायचा?

फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमिए याने १८३० च्या दशकात आपल्या काळच्या राजकारण्यांची डोकी मातीत केली होती. ती वीतभर उंचीची आहेत, भाजलेली नाहीत, वरून रंगवलेली आहेत, आणि त्यांतली ३६ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. त्यांत नाके लांबलेली आहेत, गाल लोंबलेले आहेत, माप म्हणावे असे एकही नाही. तरीही त्या माणसांची अधिकृत व्यक्तिचित्रे विस्मरणात गेली आणि ही डोकी टिकली. विनोदी कलाकाराचे शिल्प करताना डोळ्यांसमोर दोमिए असावा, असे मला वाटते.


जुना_जेजेकर :

खिडकीपाशी, दोमिएचे उदाहरण चांगले आहे, परंतु ते माझ्याच बाजूने जाते. दोमिएने नाक लांबवले ते ठरवून, त्या माणसाच्या स्वभावावर टिप्पणी म्हणून. फोनच्या भिंगाला कोणताही स्वभाव कळत नाही, ते समोर येणाऱ्या प्रत्येकाचे नाक सारख्याच रीतीने फुगवते, तुमचेही आणि माझेही. अतिशयोक्ती करायची असेल तर ती शिल्पकाराने करावी, आणि त्यासाठी मूळ काय आहे हे आधी हाताला माहीत असावे लागते.

शिवाय भिंगाची करामत फक्त समोरून चालते. सपाट पडद्यावर पुढे आलेले नाक खपून जाते. तेच प्रमाण मातीत घेऊन पाट फिरवला, की कडेने चोच दिसते. मृण्मयीताईंचे डोके बाजूने अनोळखी का झाले, याचे उत्तर मला इथेच दिसते.

समोर माणूस नसताना शिल्प करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली. ती १९५४ साली बसली आणि बाबांचे निर्वाण १९१८ साली झालेले होते. तालीम यांना छायाचित्राच्या आधारेच काम करावे लागले, आणि आज कोट्यवधी लोकांच्या मनात बाबांचा जो चेहरा आहे तो या मूर्तीचा आहे. तुमच्याकडे तर हलती चित्रे आहेत.


रेती_सिमेंट :

साहित्याबद्दल मी लिहितो, कारण साचे काढणे हा माझा रोजचा धंदा आहे.

शाडू तुमच्या हाताला सवयीचा आहे, हे खरे, परंतु व्यक्तिशिल्पाचे काम लांबते आणि शाडू ताटकळत नाही. पावसाळ्यात हवा दमट असल्याने तो वाळायला वेळ घेतो, हा एका परीने फायदाच आहे. तरी नाकाचा शेंडा आणि कानाची पाळी आधी वाळतात, डोक्याचा गाभा ओला राहतो आणि तडा नेमका नाकाच्या मुळाशी जातो. रोज काम थांबवताना ओले फडके आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी अशी सवय ठेवावी, आणि फडके नाकावर टेकणार नाही यासाठी डोक्याच्या वर दोन काड्या खोचाव्यात. आतला सांगाडा साध्या लोखंडी तारेचा करू नये, ती गंजते आणि मातीत डाग उतरतात. नागदेवी स्ट्रीट किंवा लोहार चाळीत ॲल्युमिनियमची जाड तार मिळते, ती घ्यावी. तारेच्या वळशात लाकडाच्या दोन चिपांची फुली बांधून लोंबती ठेवली, की मातीचा भार तिच्यावर बसतो आणि डोके हळूहळू खाली सरकत नाही.

माझा सल्ला मात्र तेलाची माती वापरण्याचा आहे. ती वाळत नाही, आज सोडलेले काम महिन्याने तसेच हाती येते, आणि चेहऱ्याचा भाव शोधत बसायचे असेल तर हीच सोय हवी. ती विकत घेताना गंधक आहे का, हे विचारावे. बऱ्याच तेलाच्या मातींत गंधक असते, आणि प्लॅटिनम जातीचे सिलिकॉन त्याला लागले की ते घट्टच होत नाही, साच्याची आतली बाजू चिकट राहते आणि काम वाया जाते. टिन जातीच्या सिलिकॉनला हा त्रास होत नाही.

साचा एकदाच वापरायचा असेल तर सिलिकॉनचा खर्च करू नका, प्लॅस्टरचा वेस्ट मोल्ड, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, पुरे आहे. पहिल्या पातळ थरात चिमूटभर नीळ टाकावी आणि वरचे जाड थर पांढरे ठेवावेत. आत प्लॅस्टर ओतून ते घट्ट झाल्यावर छिन्नीने साचा फोडत आलात आणि निळा रंग दिसू लागला, की मूर्ती जवळ आली हे कळते आणि हात हलका होतो. ओतण्यापूर्वी साच्याला आतून साबणाचे पाणी नीट लावावे. प्लॅस्टर पाण्यात भुरभुरावे, पाणी प्लॅस्टरमध्ये ओतू नये, नाहीतर गुठळ्या आणि बुडबुडे हमखास येतात.

फायबरमध्ये, म्हणजे रेझिन आणि काचतंतूत, करण्याचा मोह झाला तर खिडक्या उघड्या ठेवा, योग्य मास्क वापरा, आणि रेझिन घट्ट करण्यासाठी लागणारे कोबाल्ट व हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे आणि त्यानंतर हार्डनर घालावा. वन-रूम-किचनमध्ये हा उद्योग करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.


सायनची_सुमन :

भाजून घ्यायचे असेल तर धारावीचा कुंभारवाडा जवळ आहे. शाडूची मूर्ती भट्टीत घालू नका. तिथल्याच कुंभाराकडून भाजण्याजोगी लाल माती घ्यावी आणि सुरुवातीलाच त्याच्याशी बोलून ठेवावे. आत तार चालणार नाही, डोके पोकळ करावे लागेल. चामड्याइतके कडक झाल्यावर तारेने टाळू कापून काढावी, भिंत बोटभर जाडीची राहील इतके आतून कोरावे, टाळू चिकणमातीच्या रबडीने परत बसवावी आणि खाली वाफेला जायला भोक ठेवावे. वाळणे आणि भाजणे मिळून आकार दहा टक्क्यांच्या आसपास आकसतो, म्हणून साडेअकराचे डोके हवे असेल तर पावणेतेराचे करावे.


मृण्मयी_परळ :

सर्वांचे मनापासून आभार. जेजेकर, तुम्ही सांगितले तसे मुलाखतींमधून कडेच्या फ्रेम काढल्या आणि 'ताज़ा ख़बर'मधून पाठमोऱ्या काढल्या. नाकाचे प्रकरण अगदी तुम्ही म्हणता तसेच निघाले. वायर टूलने (माती खरवडण्याच्या तारेच्या हत्याराने) मी नाकाच्या शेंड्यावरचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला, नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडा थोड्या आत घेतल्या आणि कान जबड्याच्या रेषेवर मागे सरकवले. समोरून पाहताना पहिल्या क्षणी डोके अनोळखी झाले आणि मी घाबरले, परंतु पाट फिरवला तेव्हा बाजूने तो दिसू लागला होता. रेती_सिमेंट यांच्या सल्ल्याप्रमाणे तेलाच्या मातीवर आले आहे. भावाचा प्रश्न मात्र तसाच आहे.


खिडकीपाशी :

तेलाच्या मातीबद्दल तक्रार नाही, नाकाबद्दल आहे. असो, पाट तुमचा आहे.


कायदेपंडित_नाही :

विकण्याचा विचार नाही, असे लिहिले आहे, तरीही एक गोष्ट नोंदवून ठेवते. पुढे कोणीतरी म्हणेलच, की याच्या दहा प्रती काढून ऑनलाइन विका. ओळखीच्या चेहऱ्याच्या वस्तूंचा व्यापार हा वेगळा विषय आहे. दिल्ली उच्च न्यायालयात २०१० साली दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्यांच्या गाण्याच्या ओळी म्हणणाऱ्या बाहुल्यांचा खटला गाजला. निकाल दलेर मेहंदी यांच्या कंपनीच्या बाजूने लागला. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले, की व्यंगचित्र, विडंबन वगैरेंची गळचेपी होईल इतका या हक्काचा विस्तार करू नये. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२४ साली अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या कृत्रिम नकलांविरुद्ध त्यांना संरक्षण दिले आहे. एकच डोके करून ते त्या कलाकाराला भेट देणे आणि साच्यातून माल काढून विकणे यांत फरक आहे, एवढे ध्यानात असू द्या. साचा वेस्ट मोल्ड असेल तर हा मोह आपोआपच टळतो!


जुना_जेजेकर :

भावाबद्दल माझे मत सांगतो. हलणाऱ्या चेहऱ्याचे शिल्प करणाऱ्यांनी दोन वाटा चोखाळल्या आहेत. पहिली वाट टोकाची आहे. अठराव्या शतकात फ्रान्झ झेव्हर मेसरश्मिट या शिल्पकाराने चेहरे वेडेवाकडे केलेल्या डोक्यांची मोठी मालिकाच केली. ती पाहताना क्षणभर हसू येते आणि नंतर अस्वस्थ वाटते, कारण ताणलेला चेहरा धातूत आणि दगडात कायमचा ताणलेला राहतो. पडद्यावर मामाचा चेहरा अर्ध्या सेकंदासाठी येतो आणि जातो, म्हणून तो विनोद होतो; तो तसाच गोठवला तर विनोद उरत नाही.

दुसरी वाट आधीच्या क्षणाची आहे. बोलणे सुरू होण्यापूर्वी चेहऱ्यात जी तयारी होते ती धरावी. स्नायू काम करायला लागलेले असतात, पण त्यांनी आकार अजून मोडलेला नसतो. ओठ उघडलेच तर इतकेच, की दोन्ही ओठांमध्ये एक गडद रेघ दिसावी. दात दाखवू नयेत, अर्ध्या मापात ते हमखास खोटे दिसतात.

डोळ्यांबद्दल सांगायचे, तर रंग देणार नसाल तर बुबुळाला खळगा कोरावा आणि वरच्या कडेला मातीचा अगदी लहानसा कण तसाच ठेवावा. खळग्यात सावली पडते आणि त्या कणावर प्रकाश, म्हणजे दुरून डोळा चमकल्यासारखा वाटतो. फ्रेंच शिल्पकार हुदों यात निष्णात होता. दोन्ही डोळ्यांतले कण एकाच दिशेला असावेत, नाहीतर माणूस चकणा दिसतो. आणि पापणीला जाडी असते, हे विसरू नका. पापणी म्हणजे रेघ नव्हे, ती डोळ्याच्या गोळ्यावरून पुढे आलेली कड आहे.


कल्याण_फास्ट :

रंग द्यायचा का, यावर कोणी लिहिले नाही. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला देहरंगाचा स्प्रे मारून आखणी करण्याचा मोह होणे साहजिक आहे. माझे मत विरुद्ध आहे. माणसाच्या डोक्याला खराखुरा देहरंग दिला, की ते मेणाच्या पुतळ्याशी स्पर्धा करू लागते, आणि त्या स्पर्धेत हौशी माणूस हरतो. मादाम तुसाँच्या कार्यशाळेत मेण आकसते म्हणून मूळ मातीचे डोके दोन टक्के मोठे करतात आणि केस एकेक करून रोवतात. तेवढी यंत्रणा आपल्याकडे नाही आणि असण्याची गरजही नाही.

मांडव्याजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचे संग्रहालय आहे. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरले की फार लांब नाही. तिथे साध्या सिमेंटमध्ये आणि प्लॅस्टरमध्ये केलेली गावातल्या माणसांची शिल्पे पाहावीत. एकच मंद रंग आहे, तरी त्वचा, लुगड्याची घडी आणि केस वेगवेगळे ओळखू येतात, कारण पृष्ठभागाचा पोत वेगळा ठेवला आहे. केसांसाठी तार ओढून रेघा मारत बसू नका. केसांचे मोठे पुंजके आधी करा, आणि फक्त कडेला, जिथे प्रकाश पडतो तिथे, दोन-चार खुणा उमटवा.


मृण्मयी_परळ :

भाव सापडला, आणि तो जेजेकरांच्या 'आधीच्या क्षणा'पासून थोडा बाजूला आहे.

व्हिडिओ पाव गतीने चालवून मी फक्त त्याची 'भुवन' ही भूमिका पाहत राहिले. त्या गमतींमध्ये मामा, मित्र, सर ही मंडळी बोलत सुटतात आणि भुवन नावाचे पात्र त्यांचे ऐकून बेजार होते. म्हणजे सगळी पात्रे एकट्याने करणाऱ्या या माणसाच्या कामातला मोठा भाग ऐकण्याचा आहे. समोर तर कोणीच नसते. मामाचे वाक्य तो नंतर म्हणणार असतो किंवा आधी म्हणून झालेला असतो, आणि मधल्या वेळात हातातल्या फोनकडे पाहत, जणू मामा समोर आहे असे धरून तो ऐकतो. मला ज्याला मानवंदना द्यायची आहे ती गोष्ट हीच आहे, हे पाहता पाहता लक्षात आले. बोलणारा चेहरा करण्याची गरजच उरली नाही. ऐकणाऱ्या चेहऱ्यात तोंड मिटलेले असते, हाडांची मांडणी मोडत नाही, आणि तरीही डोळ्यांत व मानेत सगळे चाललेले असते.

त्यामुळे मान सरळ न ठेवता कणभर मागे घेतली आहे, खालची पापणी किंचित वर उचलली आहे, आणि नजर सरळ समोर न ठेवता फोनच्या उंचीवर, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा थोडी खाली ठेवली आहे. खिडकीपाशी यांचे समाधान व्हावे म्हणून सांगते, की मापे मुलाखतींतली ठेवली असली तरी डोके पाहण्याची जागा मी फोनच्या अंतरावरचीच धरणार आहे. अर्ध्या मापाचे डोके हातभर अंतरावरून पाहिले की नाक थोडे पुढे येतेच.

रंग देणार नाही. प्लॅस्टरमध्ये ओतून वरून शेलॅक (लाखेचे रोगण) आणि गेरूचा पातळ हात, एवढेच करायचे ठरवले आहे. आता शेवटचा प्रश्न. मान कुठे कापावी? गळ्याखाली सरळ कापली तर मेडिकलच्या दुकानातल्या पुतळ्यासारखे दिसते, आणि खांदे घेतले तर चौकातल्या पुढाऱ्याचा अर्धपुतळा होतो.


खिडकीपाशी :

फोनच्या अंतरावरून पाहायचे, हा तोडगा मान्य आहे.


जुना_जेजेकर :

ऐकणारा चेहरा ही निवड मला माझ्या सल्ल्यापेक्षा सरस वाटते.

मानेबद्दल असे करा. गळपट्टीची दोन हाडे जिथे मध्ये जवळ येतात ती खळगी घ्या, कारण मान मागे घेतल्याचा ताण तिथेच दिसतो आणि ती कापली तर तुमचा भाव अर्धा जाईल. खळगीच्या खाली टी-शर्टच्या गळ्याची गोल कड यावी आणि तिथेच शिल्प संपवावे. ती कड म्हणजेच तुमचा काप, वेगळी छाटणी नको. मागे ती मानेच्या बुडाशी असलेल्या मणक्याच्या उंचवट्यापर्यंत चढत न्यावी, म्हणजे बाजूने पाहताना पुढचा भाग खाली आणि मागचा वर असा उतार मिळतो व डोके पुढे कलल्यासारखे वाटत नाही. लाकडी ठोकळा डोक्याच्या उंचीच्या निम्म्याहून मोठा नसावा.


रेती_सिमेंट :

गोल कडेच्या आतल्या बाजूला अंडरकट, म्हणजे आत वळलेली खाच, राहू देऊ नका, साचा तिथे अडकेल. साच्याचे दोन भाग कानांच्या मागून पाडा, कानांवरून नाही. ओतताना प्लॅस्टरमध्ये काथ्याच्या बटा घाला आणि डोके आतून पोकळच ठेवा, वजन निम्मे होईल. त्याला पाठवायचे आहे, म्हणून आधीच सांगतो, की प्लॅस्टर पूर्ण वाळल्याशिवाय शेलॅक लावू नका आणि पेटीत बंद करू नका. पावसात याला तीन-चार आठवडेही लागतात. गालाला टेकवून थंड लागले तर आत ओल आहे असे समजा. पेटीत डोके मानेवर उभे ठेवू नका, ठोकळा वेगळा काढून डोके टाळूच्या बाजूने फोममध्ये आडवे रुतवा, आणि नाकासमोर चार बोटे जागा मोकळी सोडा.